म्हशीची देवी आन् आमच्या मॅडम

जनावरांच्या दवाखान्यातले किस्से लिहून ठेवीन म्हणलं, तर पहिला लिहून होईस्तोवर दुसरा दारात उभा. मी केजकडं परिचर हाय. लोक आमाला ‘ढोराचे डॉक्टर’ म्हणून हसतात. हसा की! यंदा म्हशीच्या देवीचा व्हायरस माणसांच्या बोटांवर आला, तवा ओळखला कुणी? आमच्या डॉक्टर मॅडमनी.

*

एक गडी म्हैस घेऊन आला. मॅडम आधी त्याच्या हाताकडंच बघत बसल्या. गडी म्हणाला, आजारी म्हैस हाय, मी न्हाई.

“तिच्या सडाला काय झालंय ते तुमच्या बोटांवर दिसतंय,” मॅडम म्हणाल्या. कासेखाली वाकून बघितलं, तर सडावर त्याच्या बोटांसारखेच फोड.

*

हॉटेलवाल्यालाबी फोड. त्यानं जन्मात म्हशीला हात लावलेला न्हाई. मॅडमनी विचारलं, टावेल कुणाचा वापरता? भावाचा. भावाकडं चार म्हशी, आन् त्याच्या बोटांवर तसेच फोड!

माणसाचं माणसाला लागतंय म्हणल्यावर मॅडमनी लगेच माणसांच्या दवाखान्यात फोन लावला. नमुने गेले, रिपोर्ट मॅडम म्हणाल्या तोच आला. तिकडचे डॉक्टर स्वतः भेटायला आले. त्यांना चहा मी दिला, छाती काढून.

*

म्हातारी माणसं म्हणाली, देवी आलीय, औषध चालत न्हाई. मॅडमनी वाद घातला न्हाई. म्हणाल्या, मग सोवळं पाळा, साबणानं हात धुवा, टावेल ज्याचा त्याचा. आठ दिवसांत दुकानातला साबण संपला.

*

रुक्मिणी मात्र रडतच आली. बोटांना फोड, आन् अंगावर चार महिन्यांचं लेकरू. त्याला लागलं तर? मॅडम म्हणाल्या, फोड झाकून ठेव, म्हशीला हात लावू नको. पण रेडकू दगावल्यापासून घरची आजारी म्हैस तिच्याशिवाय कुणालाच पान्हा सोडत न्हवती. दूध न काढावं तर कास सुजणार.

नवरा बबनराव, गावचा पुढारी. हातमोजे घालून बसला, लाथ खाल्ली. बायकोचं लुगडं पांघरून बसला, तरी लाथ.

मॅडमनी रुक्मिणीला विचारलं, “दूध काढताना तिच्याशी काय बोलतीस?”

रुक्मिणीनं मान खाली घातली. “ह्यांची गाऱ्हाणी सांगते.”

लेकरासाठी बबनराव हातमोजे चढवून पुन्हा बसला. घसा खाकरून म्हणाला, “ह्यो माणूस कधी येळेवर जेवायला येत न्हाई.” म्हशीनं कान हलवला. “गावाला भाषण देतो, बायकोशी धड बोलत न्हाई.” धार लागली.

पंधरा-वीस दिवस दोन्ही येळेला त्यानंच दूध काढलं. लेकराला एक फोड उठला न्हाई. म्हैस बरी झाली, रुक्मिणीचे हातबी बरे झाले. मॅडम म्हणाल्या, आता तिनं काढलं तरी चालतंय.

बबनराव बादली सोडीना.

“अजून चार दिवस राहू द्या मॅडम. माझं सांगायचं लई राहिलंय.”