एक पान आधीच फाडलेलं

इंदुमतीअक्कांची आणि माझी पहिली भेट म्हणजे माझी फजिती. सोलापूरहून बदली होऊन मी चेन्नईला आलो आणि एग्मोरला अक्का मुलांसाठी चालवत असलेल्या रविवारच्या मराठी वर्गात शिकवायला गेलो. फळ्यावर त्यांनी 'ज्वर' लिहिलं होतं. "अक्का, आता ताप म्हणतात," मी शहाणपणा केला. "आम्हां तंजावरकरांच्या घरीं ज्वरच. तुम्ही दोन्ही शिकवा, सरी?" तमिळमधलं 'बरं का' जोडून त्या शांतपणे म्हणाल्या आणि मी खडू हातात घेतला.

अक्कांची उभी हयात रुग्णालयात परिचारिका म्हणून गेली. वर्गात कोणी शिंकलं की आधी हात धुणं, मग मुळाक्षरं. मी त्यांची चेष्टा करायचो. मला लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग, झाला तेव्हा ती चेष्टा थांबली.

केमोच्या प्रत्येक डोसनंतर अक्का पेरुंगुडीला आमच्या घरी येत. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं; त्यावर, सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या प्रत्येक पानावर, त्या लाल शाईने एकच वाक्य लिहीत : 'ज्वर आला तर गोळी नको, फोन.' त्या दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो आणि गोळीने ताप दबला तरी संसर्ग आत वाढतच राहतो. हे त्यांनी मला आणि माझ्या पत्नीला, सुधाला, वहीत उतरवून घ्यायला लावलं होतं.

माझी साठी नेमकी तिसऱ्या डोसनंतरच्या दहाव्या दिवशी आली. इकडच्या रिवाजाप्रमाणे जन्मनक्षत्रावर नवराबायकोच्या डोक्यावर कलशाचं पाणी घालतात. सुधाची फार हौस होती. अक्कांनी नाखुशीने होकार दिला, तोही अटीवर : घरचीच माणसं हवीत आणि अंगात ज्वर नको.

त्या सकाळी थर्मामीटरने एकशे एक दाखवला. बाहेर सोलापूरहून आलेले मेहुणे, गुरुजी, मांडलेले कलश. सुधा कित्येक महिन्यांनी मोकळेपणाने हसत होती. मी गुपचूप गोळी गिळली. भिंतीवरचं लाल अक्षर डोळ्यांत खुपत होतं, म्हणून ते पानही फाडून सदऱ्याच्या खिशात कोंबलं. माझ्यासारखा मूर्ख मीच.

अक्का आल्या, हात धुतले आणि भिंतीसमोर थबकल्या.

"आज उद्याची तारीख कशी?"

त्या माझ्याकडे वळल्या. "ज्वर किती होता?"

"विशेष नाही."

"किती, विचारलं मी."

"एकशे एक. गोळी घेतली."

मेहुणे मध्ये पडले, "अक्का, दहा मिनिटांत पाणी घालून होईल, मग दवाखान्यात न्या की."

अक्कांचा आवाज जराही चढला नाही. "दहा मिनिटं यांच्यापाशी नाहींत. गाडी काढा."

गाडीत मला हुडहुडी भरली. रस्ता तुंबलेला. अक्का फोनवर वॉर्डात सांगत होत्या, "बाटली लावून तयार ठेवा." पोचताच, रक्ताचा रिपोर्ट यायची वाट न पाहता, शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. रिपोर्ट आला तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. रक्तदाब घसरत होता. "आज काहीच सांगता येत नाही," डॉक्टर सुधाला म्हणाले.

तीन दिवस अक्का बाहेरच्या बाकावर बसून होत्या. सुधाला दोन घास खायला लावत होत्या. काचेतून दिसत, पण मला एकदाही रागावल्या नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. चौथ्या दिवशी ताप उतरला, पेशी वाढू लागल्या. मी खिशातलं ते पान त्यांच्या हाती दिलं.

"अक्षर नीट लागत होतं ना?" त्यांनी एवढंच विचारलं. मला रडू आवरलं नाही.

उपचार संपले, रक्त सावरलं, तेव्हा आमच्या डोक्यावर पहिला कलश अक्कांनीच घातला. सुधाचा चेहरा त्या दिवशी पाहायला हवा होता.

आता अक्कांची पंच्याहत्तरी. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, हे मागणं मी उघडउघड स्वार्थाने मागतो. आमच्या कॅलेंडरवर त्यांचा डोळा असलेला बरा. सोहळ्यात पहिला कलश माझ्या हाती द्यायचं त्यांनी ठरवलं आहे. त्या सकाळी मी थर्मामीटर लावीन. आकडा चढलेला दिसला, तर अक्का, मी येणार नाही. फोन करीन.