मोकळी सम

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बहारीनमध्ये, मनामात दर शुक्रवारी आमचं भजन असे. पखवाजावर एक एसी मेकॅनिक बसायचा, संगमेश्वरकडचा. पत्रा कापण्याआधी तो त्यावर बोटं वाजवून बघे, आणि कुणी काहीही म्हटलं तरी "तसं नाय ओ" म्हणूनच सुरुवात करी.

ब्राझीलच्या एका खलाशानं त्याला सांबाची, त्यांच्याकडच्या नाचाच्या संगीताची, कॅसेट दिली आणि याला वेड लागलं. सांबात जोराचा ठोका समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर नाही, पुढच्या मात्रेवर पडतो. तो ठोका त्याला भजनी ठेक्यात बसवायचा होता. आमच्या बुवांनी बजावलं, "पखवाज मंडळाचा आहे. त्यावर असले चाळे नकोत."

तो वाद घालत बसला नाही. महिन्याभरात त्यानं डक्टचा पत्रा वळवला, सूकमधल्या, म्हणजे तिथल्या बाजारातल्या खाटकाकडून बकऱ्याचं कातडं आणून त्यावर ताणलं आणि स्वतःचा ढोल केला. एका शुक्रवारी भजन संपल्यावर त्यानं तो ढोल गच्चीवर नेला. मीही मागोमाग गेलो.

"कॅसेट नाही लावत?" मी विचारलं.

"तसं नाय ओ, साहेब. त्यांचं त्यांनी वाजवलं. आता आपलं."

ठेका भजनीच होता. फक्त सम रिकामी, आणि दणका पुढं. आवाज ऐकून बुवा वर आले. "सम चुकतेय तुझी!"

"तसं नाय ओ, बुवा. सम तुमच्यासाठी सोडलीय. तुम्ही टाळी द्या."

बुवा तणतणत जिना उतरले. तो थांबला नाही. प्रत्येक आवर्तनात ती जागा मोकळी सोडत राहिला. शेवटी मी चपला काढल्या, त्याच्या समोर बसलो आणि टाळी दिली.