प्रत्येक मुलाला समज द्या

हेडसरांना सुलेखनाचा छंद होता आणि शाळेची भिंत त्यांच्या ताब्यात होती. त्यामुळे शाळेचं ध्येयवाक्य रंगवायला पेंटर बोलवायची गरजच उरली नाही. वाक्य साधं होतं: ‘प्रत्येक मुलाला समजून घ्या.’ पण हेडसरांचा हात पडला सैल. ‘प्रत्येक’नेच निम्मी भिंत खाल्ली आणि ‘समज’ होईतो दाराची चौकट आडवी आली. उरल्या फटीत त्यांनी ‘द्या’ कोंबलं आणि ब्रश धुऊन टाकला. भावना पोचल्याशी मतलब!

पोचली की. शाळेचं एखादं तत्त्व शिक्षकांना इतक्या झटपट पटलेलं हेडसरांनी पूर्वी पाहिलं नव्हतं. गणिताच्या सरांनी तर पहिल्याच तासाला भिंगरीला बाहेर काढून समज दिली.

भिंगरी म्हणजे एका जागी न बसणारी मुलगी. या प्रकाराला तज्ज्ञांनी लांबलचक नाव दिलंय. गणिताचे सर ‘किडे’ म्हणत.

“मधल्या सुट्टीत तिचे वडील येतायत. सांगून टाका, दुसरी शाळा बघा म्हणून,” ते हेडसरांना म्हणाले.

“बघतो,” हेडसर म्हणाले. हेडसरांचं ‘बघतो’ म्हणजे मान हलवून सही करणं, हे शिपायालाही ठाऊक होतं.

पण हे सावकाशबाईंनी ऐकलं. जी मुलं वेगळ्या चालीने शिकतात, ती या बाईंकडे. मुलांना त्या दिवसभर “सावकाश, सावकाश” म्हणत, म्हणून हे नाव. एरवी बाईंचं काहीच सावकाश नव्हतं. बोलणं तोफेसारखं, चालणं वरातीतल्या घोड्यासारखं. त्यांची खोली म्हणजे मोडक्या बाकांची जुनी अडगळ. पाय हलवणाऱ्यांसाठी त्यांनी बाकाखाली सायकलची ट्यूब ताणून बांधली होती, खुशाल लाथा मारा! “आमच्या पोराचं डोकं कमी आहे का हो?” असं एका पालकाने विचारलं, तर म्हणाल्या, “तुमचं मोजलंय कधी?”

तर त्या तरातरा भिंगरीच्या वर्गात शिरल्या, मागोमाग गणिताचे सर आणि हेडसर.

“सर, तुम्ही बसून शिकवता का हो?”

“छे! फिरत फिरत,” गणिताचे सर म्हणाले.

“का?”

“बसलं की मला सुचतच नाही.” मागच्या बाकावर कुणीतरी फिसकलं.

बाईंनी भिंगरीला खिडकीशी नेलं. कट्टा तिच्या कोपराइतका उंच होता. वही ठेवली. “इथे उभी राहा. नाच, पण गणित सोडव.” भिंगरी एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत राहिली. पहिलं उत्तर चुकलं. तिने खोडलं, एक गिरकी घेतली, पुन्हा लिहिलं. गणिताच्या सरांनी वही उलटसुलट तपासली. “बरोबर आहे,” ते म्हणाले, दाढ दुखत असल्यासारखे.

तेवढ्यात शिपाई सांगत आला, वडील आलेत. हेडसरांनी घसा खाकरला. “त्यांना सांग, मुलगी इथेच शिकेल. खिडकीशी.”

शिपाई गेला. हेडसर हळूच कुजबुजले, “पण बाई, उद्या सगळा वर्गच उभा राहीन म्हणाला तर?”

“बाकं विकून टाका.”