तीन तारे आणि एक ताज

बोरीहून फोन आला, दत्तूकाका गेले. आई मेथी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मोजून झाले म्हणा तारे." महिना होत आला, ते वाक्य काही मनातून जात नाही...

निजामाच्या राजवटीत काका बोरीच्या शाळेत मास्तर होते. गावात पोलीस आले की कुणापुढे वाकायचं हे लोक त्यांनाच विचारत. काका खांद्यावरचे तारे मोजून सांगत, आणि ते बरोबर निघे, कारण तीन ताऱ्यांच्या वरचा अधिकारी बोरीत कधी आलाच नव्हता. त्या राजवटीच्या शेवटच्या वर्षी चळवळीची पत्रकं नेताना माझे वडील, म्हणजे काकांचे थोरले भाऊ, पकडले गेले. पिंगळीच्या फलाटावर त्यांना बेड्या घालून बसवलं होतं. मी आईच्या कडेवर होते. समोर दोन साहेब उभे होते. एक पोलिसांचा, तीन ताऱ्यांचा. दुसरा फौजेचा, खांद्यावर नुसता एक ताज. काकांनी ताजाकडे पाठ केली आणि तीन ताऱ्यांचे पाय धरले. तो हसला. "मास्टर, बडे साब तो वो हैं." फौजी साहेबाने काकांकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडी आली, वडिलांना चढवलं. ते तुरुंगातच गेले.

आईने काकांना कधी शिवी दिली नाही. पंगत बसली की भाजीची पळी त्यांच्या पानावर धरून विचारायची, "भावजी, तारा मोठा का ताज?" काका मान खाली घालून म्हणायचे, "ताज, वहिनी." मगच भाजी पडायची. आम्ही पोरं हसायचो.

म्हातारपणी त्यांनी खोलीच्या भिंतीवर भूदल, नौदल, हवाई दल अशा तीन रांगा रंगवल्या. मला समोर बसवायचे. "माय, भूदलातला कॅप्टन तीन ताऱ्यांचा. पण जहाजावरचा कॅप्टन लय मोठा, कर्नलच्या बरोबरीचा. आधी दल विचारायचं, मग पाय धरायचे."

तेराव्याला त्याच भिंतीपुढे बसून आई म्हणाली, "तुझ्या वडलांना न्यायचा हुकूम त्या दिवशी सकाळीच झाला होता. कुणाचेबी पाय धरले असते तरी त्यांना नेलंच असतं. संगच्या कैद्यानं सुटून आल्यावर मला सांगितलं होतं."

"मग काकांना का नाही सांगितलंस?"

"सांगून मंग मी राग कुणावर काढायचा होता?"

दुपारी पंगत बसली. काकांच्या नावाचं पान वेगळं मांडलं होतं. आई भाजी घेऊन त्या पानापुढे आली, पळी धरली आणि थांबली... लोक ताटकळले, तरी तिची पळी काही वाकेना. शेवटी मीच उठून वाढलं.