प्रसाद घेणारा डावा हात

ती घटना आठवली की आजही माझं डोकं सणकतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी तो राग काही उतरलेला नाही.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. चतुर्थीचा ओझरचा बंदोबस्त आटोपून ठाण्यात आलो, तर ठाणे अंमलदारासमोर शिनोलीची एक शेतकरी बाई बसली होती. गणपतीचं दर्शन घेऊन ती वाटेतल्या एका वृद्धाश्रमात प्रसाद वाटायला गेली होती.

"सायेब, तितल्या एका म्हातारीनं परसाद डाव्या हातात घेतला," ती म्हणाली. "उजवा पदराखाली झाकलेला. आमच्यातली बाई मरंल, पण देवाचा परसाद डाव्या हातात घ्यायची न्हाई. त्या हाताला कायतरी झालंय."

अंमलदार हसला. मला हसू आलं नाही. माणूस सहज खोटं बोलतो, पण जन्माची सवय सहजासहजी मोडत नाही. महिला हवालदाराला घेऊन मी लगेच निघालो.

आजी बोरी बुद्रुकच्या. उजवं मनगट सुजून काळंनिळं, बोटं वाकडी. आश्रमाचा व्यवस्थापक परीटघडीच्या कपड्यांत पुढे आला. "बाथरूममध्ये पडल्या, साहेब. वय झालं की असं व्हायचंच."

"कुठल्या डॉक्टरला दाखवलंत?"

तो पुन्हा बाथरूमचंच सांगू लागला. आजींना विचारलं, तर त्याही मान खाली घालून म्हणाल्या, "मीच पडले."

मी खोली बघायला लागलो. आजींच्या लोखंडी खाटेच्या नळीवर एका जागी रंग घासून गेला होता. शेजारच्या खाटेवरही तसंच, त्याच्या पुढच्या खाटेवरही. गादीखाली नायलॉनची दोरी निघाली. ती व्यवस्थापकासमोर धरली, तेव्हा तो पोपटासारखा बोलू लागला.

"सारख्या फाटकाकडे जायच्या, घरी सोडा म्हणायच्या. सुरक्षिततेसाठी बांधायचो, साहेब."

सुरक्षितता! बांधलेल्या हातानं आजी उठायला गेल्या, खाटेवरून पडल्या, मनगट मोडलं. तरी या गृहस्थानं दवाखाना दाखवला नाही. पाहुणे येणार असले की चांगलं लुगडं नेसवायचं आणि पदर हातावर ओढून द्यायचा. गुरं बांधतानासुद्धा आमच्याकडे गाठ सैल ठेवतात.

आजींना दवाखान्यात हलवलं, पण त्या जबाब देईनात. तेवढ्यात मुलगा आला. सुशिक्षित, गाडीवाला. आईच्या हाताकडे न बघता मला म्हणाला, "मिटवून टाका ना साहेब. इथून काढलं तर तिला ठेवायचं कुठं?" त्याला मी ज्या शब्दांत बाहेर काढलं, ते इथं छापता येणार नाहीत.

तो गेल्यावर आजी बोलल्या. "खरं सांगितलं तर मी जाऊ कुठं, भाऊ? घर व्हतं, ते पोराच्या नावावर केलं. सांभाळतो म्हनला व्हता."

म्हणजे भीती व्यवस्थापकाची नव्हती, उघड्यावर पडण्याची होती. मी तालुका विधी सेवा समितीला फोन केला. एक वकीलबाई आल्या, तेही विनाशुल्क. आजींनी त्यांना खालून वर न्याहाळलं. "ह्या वकील पोराच्या का?"

"नाही आजी, तुमच्या."

आजी उशीला टेकून नीट बसल्या. म्हणाल्या, "मंग लिवा."

व्यवस्थापकावर गुन्हा दाखल झाला. इतर खाटांवरची माणसंही मग बोलती झाली. मुलाला घर दिल्याच्या बक्षीसपत्रात आईला सांभाळण्याची अट होती. वकीलबाईंनी ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांपुढे अर्ज केला आणि ते बक्षीसपत्र रद्द करून घेतलं. तोवर आजी पुतणीकडे राहिल्या, नंतर आपल्या घरी गेल्या.

या प्रकरणानंतर मी हाताखालच्या प्रत्येकाला बजावत आलो, म्हाताऱ्या माणसाला "कुणी मारलं?" हे नंतर विचारा. आधी "आज राहणार कुठं?" याची सोय करा. कायदा आहे, फुकट वकील आहे, पण हे त्यांच्या खाटेपर्यंत जाऊन सांगणारं कुणी नसतं, याची मला चीड येते.

पुढे एकदा बोरीला गेलो होतो. आजींनी दार उघडलं, बसायला घोंगडी दिली, गूळ-शेंगदाणे पुढे केले, डाव्या हातानं. लगेच ओशाळल्या.

"राग मानू नका सायेब. उजवा उचलत न्हाई."

व्यवस्थापकाला मी कोर्टात पाहिलं होतं, मुलाला प्रांतांसमोर. दोघांपैकी एकाचीही मान खाली गेली नव्हती. माफी मागत होती ती ही बाई. मी दोन्ही हात पुढे करून तो गूळ घेतला.