बोडी यादीत नव्हती

आमच्या झाडीपट्टीत शेताच्या वरच्या अंगाला पाळ घालून पाणी अडवतात, त्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं, आमचं धान तिच्याच पाण्यावर व्हायचं. तरी तालुक्याच्या कचेरीत कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागले आणि गावोगावच्या नोंदवह्या संगणकात चढवू लागले, तेव्हा मीच ती बुडवली.

'जलसाठ्याचा प्रकार' या रकान्यात निवडायला चारच शब्द होते: तलाव, विहीर, नाला, इतर. जुन्या वहीत तर पानोपानी बोडी. साहेबांना विचारलं. ते घाटावरचे. म्हणाले, "आमच्याकडे बोडी म्हणजे केस काढलेलं डोकं. इतर टाका आणि पुढे चला." सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचा राग अजून जात नाही.

पुढच्या साली मासेमारीच्या ठेक्यांची यादी निघाली, ती फक्त 'तलाव' या प्रकारातून. एकोडीकडचे एक म्हातारे मासेमार जुने करारनामे पिशवीत घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"पोरी, माही बोडी कुठी गेली?"

"'इतर'मंधी हाये, काकाजी. त्याची यादी निघत नाही."

"मी तं कालच जाळं टाकून आलो. पाणी तेथंच हाये. तुह्या कागदात काहून आटलं?"

मी दुरुस्तीचा अर्ज लिहून दिला. वरून शेरा आला, 'सदर प्रकार यादीत नाही.' ते पुन्हा पुन्हा येत राहिले. मी दरवेळी खुर्ची दिली, पाणी दिलं. उत्तर सोडून सगळं द्यायला आम्ही कचेरीवाले पटाईत.

उन्हाळ्यात बोडीचं पाणी खाली गेलं. यादीत नाही म्हणजे कोणाचीच नाही, असं कचेरीनं ठरवून तिच्यात मुरूम ओतला आणि गोदामासाठी जागा सपाट केली. काकाजी आता लाखनीच्या बाजारात बाहेरून आलेले बर्फातले मासे विकतात. मला पाहून तोंड फिरवतील म्हणावं, तर तेही नाही. "बरी हायेस ना, पोरी?" विचारतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या जागेची नवी नोंदही माझ्याच हातून झाली. प्रकार: मोकळी जागा. हा शब्द यादीत होता.