शेजारीण स्टॉकहोमला निघाली

आमची शेजारीण बोलताना समोरच्याकडे बघत नाही. नजर हातातल्या कामावर, आणि दर दोन वाक्यांनी "समजलं काय?"

परवा ती अंगणात कोलंबी सोलत बसली होती. फोन नारळाच्या बुंध्याला टेकवलेला. स्टॉकहोमला नोकरी करणारी तिची लेक आठ दिवसांचा बेत सांगत होती: जुनं शहर, राजवाडा, बोटीतून बेटं.

मी मुरुडच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. स्वीडनचा तो किनारा कितीदा तरी फळ्यावर काढला, पण पाहिला कधीच नाही. कुंपणाशी उभी राहून मी ऐकत होते आणि आतल्या आत जळत होते.

"आठ दिस कशाला?" ती कोलंबी सोलतच म्हणाली. "चार पुरे. गाय व्यायला आलीय, समजलं काय?"

लेकीने खूप विनवलं. हिने ऐकलं नाही, फोन बंद केला.

मग तिने मान वर करून सरळ माझ्याकडे बघितलं.

"बाई, तुम्ही तर कुठं जात न्हाय. चार दिस माझ्या गायीकडं बघाल काय?"

"बघेन," मी म्हटलं, आणि घरात येऊन दार लावून घेतलं.